घरांतील अडगळ

दसरा-दिवाळीचे दिवस जवळ आले कीं आपल्याकडे घरोघर झाडलोट सुरू होते. जळमटें निघतात, भांडीं लखलखतात आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहून तिची पूजा होते. नाताळापूर्वीं ख्रिस्ती कुटुंबांतहि हीच धांदल असते. यहुदी लोक वल्हांडण सणापूर्वीं घराचा कानाकोपरा शोधून खमिराचा अंश देखील बाहेर काढतात. नवा आरंभ करावयाचा तर प्रथम घर मोकळें केलें पाहिजे, ही जाणीव निरनिराळ्या धर्मांच्या लोकांत अशी एकसारखी दिसते.

परंतु आपल्या या झाडलोटीकडे थोडें बारकाईनें पाहिलें तर असें आढळून येईल कीं, पुष्कळशा घरांत वस्तु बाहेर जातच नाहींत. त्या केवळ जागा बदलतात. कपाटांतील पेटी माळ्यावर जाते, माळ्यावरील गांठोडें पलंगाखालीं येतें, आणि पुढच्या वर्षीं तेंच गांठोडें पुन्हां झटकून ठेविलें जातें. यास स्वच्छता म्हणतां येईल. पण घर मोकळें झालें असें म्हणतां येणार नाहीं. आमच्या मतें मोडकी वस्तु तेवढीच अडगळ नव्हे. जिचें काय करावयाचें याचा निर्णय आपण वर्षानुवर्षें टाळला, ती अडगळ.

निर्णय टाळण्यास बहुधा दोन सबबी पुढें येतात : कधीं तरी उपयोगी पडेल, किंवा पैसे मोजून घेतली आहे. लूककृत शुभवर्तमानांतील धनवान शेतकऱ्याचा दाखला आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. पीक उदंड आलें तेव्हां त्याला सुचलें तें इतकेंच, कीं जुनीं कोठारें मोडून मोठीं बांधावीं. शेजाऱ्याच्या घरीं दाणा आहे कीं नाहीं, हा विचार त्याच्या मनाला शिवल्याचें दाखल्यांत कोठेंहि दिसत नाहीं. आपणहि एक कपाट भरलें कीं दुसरें आणतों. जी लोंकरीची बंडी आपल्या पेटींत पांच वर्षें घडी घालून पडली, ती थंडींत कुडकुडणाऱ्या एखाद्या मुलाच्या अंगावर पांच हिवाळे असूं शकली असती.

अडगळीचा संबंध आरोग्याशींहि आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ प्रथम मांडवी भागांत दिसून आली. तो धान्याच्या वखारींचा आणि दाट वस्तीचा भाग होता. उंदरांवरील पिसवा हा रोग पसरवितात, हें पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनीं १८९८ मध्यें कराचीस दाखवून दिलें. जेथें महिनोंमहिने कोणाचा हात लागत नाहीं, तेथेंच उंदीर घर करतो. आज प्लेगचें तें भय उरलें नाहीं. पण डेंग्यूचें आहे. गच्चीवरील फुटका डबा, जुना टायर, नारळाची करवंटी यांत सांचलेल्या थोड्याशा पाण्यांत एडिस जातीच्या डासाची मादी अंडीं घालते, आणि साधारणपणें ८ ते १० दिवसांत नवे डास उडूं लागतात. आपल्या गच्चीवरील अडगळीचा ताप असा शेजाऱ्यासहि भोगावा लागतो.

तथापि दिसेल तें फेंकून द्यावें, हाहि शहाणपणा नव्हे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे (१८६३–१९२६) यांनीं गांवोगांव हिंडून जुन्या घराण्यांचीं दप्तरें धुंडाळलीं व १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचे २२ खंड प्रसिद्ध केले. असे कागद जे वाळवीनें खाल्ले किंवा रद्दींत गेले, त्यांतील हकीकत आतां कोणास कळणार? म्हणून आजोबांची पेटी उघडण्यापूर्वीं त्यांस विचारावें. जुनीं पत्रें, वह्या, जमिनीचे कागद वेगळे काढावे; छायाचित्रांच्या मागें नांवें व साल लिहून ठेवावें.

देण्याच्या बाबतींत एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. पूर्वीं जुन्या लुगड्याची गोधडी होई, गोधडी विरली कीं तिचें पोतेरें होई. उरलेले कपडे घेऊन बोहारीण भांडें देई. आतां घरांत कपडे अधिक येतात, आणि नको झालेले सरसकट गरिबांस देण्याची चाल पडली आहे. जें आपण आपल्या भावास घालूं देणार नाहीं, तें दुसऱ्याच्या मुलास देऊं नये. फाटका सदरा किंवा पानें गळालेलें पुस्तक गरिबाच्या हातीं ठेवणें म्हणजे दान नव्हे; तो आपला केर त्याच्या दारांत लोटणें होय. मोडके मोबाईल व संपलेले सेलहि रोजच्या केरांत टाकूं नयेत. त्यांत शिसें, पारा यांसारखीं विषारी द्रव्यें असूं शकतात. ते ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडेच पोंचवावे.

आतां हें काम कोणीं करावयाचें? बहुतेक घरांत तें आईच्या गळ्यांत पडतें. वस्तु सर्वांनीं जमवावयाच्या आणि एकटीनें आवरावयाच्या, हा न्याय नव्हे. विद्यार्थ्यांनीं निदान आपलें कपाट व आपलीं पुस्तकें यांचा भार स्वतः उचलावा. वार्षिक परीक्षा संपतांच, अभ्यासक्रम बदलला नसेल तर, आपलीं पुस्तकें खालच्या वर्गांतील गरजू मुलास द्यावीं. पालकांसहि आमची विनंति आहे कीं, मुलांच्या वस्तु त्यांच्या नकळत काढूं नयेत. आपणांस जें क्षुल्लक वाटतें तो त्यांचा ठेवा असेल. न विचारतां वस्तु नेली तर मूल देण्यास शिकत नाहीं, लपविण्यास शिकतें.

एका दिवसांत सारें घर मोकळें करण्याची प्रतिज्ञा बहुधा तडीस जात नाहीं. एक फळी आणि एक तास, इतकें पुरे. जें आपल्या उपयोगाचें तें जागेवर ठेवावें. जें दुसऱ्याच्या उपयोगाचें तें त्याच आठवड्यांत त्याच्या घरीं पोंचवावें. बाकीचें योग्य त्या केरांत जावें. आणि मोकळी फळी पाहून लगेच बाजाराची आठवण होऊं लागली, तर आपण फळी तेवढी आवरली, हांव आवरली नाहीं, असें समजावें.