विकत घेतलेला जावई

घरात प्रिंटर आणणे ही आता खरेदी राहिलेली नाही. ती सोयरीक झाली आहे. दुकानदाराला पैसे मोजले, पावती घेतली, खोके रिक्षात घालून घरी आणले, एवढ्याने शिलाईच्या यंत्राचा किंवा मिक्सरचा व्यवहार पुरा होतो. प्रिंटरचा होत नाही. त्याची जावयासारखी बडदास्त ठेवावी लागते, त्याच्या घरच्यांशी संबंध राखावे लागतात, त्याला कोणती शाई चालते आणि कोणती वर्ज्य आहे याची चौकशी करावी लागते. आणि एखाद्या दिवशी तो रुसून बसला, तर आमचे काय चुकले असे आपणच त्याला विचारायचे! त्यातही जावई परवडला. तो दिवाळसणाला येतो आणि चार दिवसांनी आपल्या घरी जातो. सणाच्या सवलतीत आणलेला प्रिंटर कायमचा मुक्कामाला येतो.

थट्टा पुरे. माझे म्हणणे एका वाक्याचे आहे. पुरते पैसे घेऊन विकलेले यंत्र, विकणाऱ्याकडे खाते न उघडता आणि त्याची पुन्हा परवानगी न घेता, चालले पाहिजे. हे म्हणणे इतके साधे आहे की त्यासाठी लेख लिहावा लागतो याचीच मला लाज वाटते. परंतु परवा डोंबिवलीला माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी जे पाहिले, त्यानंतर गप्प बसवेना.

तिच्या सासऱ्यांना, अण्णांना, बँकेत हयातीचा दाखला द्यायचा होता. ऐंशी वर्षांचे गृहस्थ. संगणकावर फॉर्म स्वतः भरला, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे दर वेळी जिना उतरून जायला नको म्हणून प्रिंटरही स्वतःच्या पैशांनी आणवला. यंत्र दिसायला गोजिरवाणे. चिकटपट्ट्या काढल्या, शाईची दोन कार्ट्रिजे खटकन् आवाज येईतो बसवली, कागद लावला. आता प्रिंटर संगणकाला जोडायचा, तर खोक्यात केबलच नाही! तिच्या जागी एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर एक चौकोनी ठिपक्यांचे चित्र. ते मोबाइलला दाखवा, मग ॲप उतरवा, मग पुढचे ते ॲप सांगेल.

ॲपने सांगितले की प्रिंटर सापडत नाही. भाच्याने अर्धा तास खटपट करून कारण शोधले. घरातला राऊटर दोन तऱ्हेचे वायफाय देतो, आणि प्रिंटरला त्यांतले फक्त 2.4 गिगाहर्ट्झचे समजते. मोबाइल मात्र दुसऱ्यावर होता. बरे, हेही झाले. मग ॲपने खाते उघडायला सांगितले. नाव, ईमेल, पासवर्ड. पासवर्डात एक मोठे अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह हवे. ईमेलवर आलेला सांकेतिक आकडा टाका. अटी मान्य करा. आपण किती पाने छापतो याची माहिती कंपनीला पाठवायला संमती द्या. पुढे प्रिंटरने स्वतःसाठी नवे सॉफ्टवेअर उतरवायला घेतले, आणि पाऊण तास कोणी त्याला हात लावू नये असे बजावले. अण्णा आरामखुर्चीतून हे सगळे पाहत होते. शेवटी त्यांनी नातवाला विचारले, "अरे, दुकानदाराला पैसे मी दिले ना? मग हा अजून कोणाला विचारतोय?"

भाच्याजवळ उत्तर नव्हते. माझ्याजवळही त्या घडीला नव्हते. नंतर शोधले.

पहिली गोष्ट ही की, खात्यावाचून यंत्र चालू शकत नाही, हे खरे नाही. संगणकाने आणि प्रिंटरने जाळ्यावरून एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलावे, हे ठरवणारी आयपीपी नावाची खुली पद्धत 1999 पासून आहे. ती कोणा एका कंपनीची मिरास नाही. 2010 साली ॲपलने एअरप्रिंट आणले. त्यात एकाच वायफायवरचा प्रिंटर फोनला आपण होऊन सापडतो आणि छापू लागतो. प्रिंटरच्या कंपनीचे ॲप नको, खाते नको. अँड्रॉइडसाठी मोप्रिया नावाची तशीच सोय आहे. इतकेच काय, मायक्रोसॉफ्टने 2023 साली जाहीर केले की प्रत्येक कंपनीची वेगळी ड्रायव्हर-सॉफ्टवेअरे विंडोजमधून हळूहळू बाद करून याच समान पद्धतीवर भिस्त ठेवायची. म्हणजे आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक यंत्रांच्या पोटात मुकाट्याने छापण्याची अक्कल मुळातच आहे. दाराशी खात्याची चौकी बसवली आहे ती यंत्राच्या गरजेसाठी नव्हे, मालकाच्या गरजेसाठी. आणि तो मालक अण्णा नव्हेत.

यावर व्यापारी वृत्तीचे लोक एक ठरलेले उत्तर देतात. यंत्र स्वस्तात मिळते ना? मग कंपनीने शाईवर चार पैसे मिळवले तर बिघडले कुठे? युक्तिवाद ऐकायला रास्त वाटतो. पण मग तसे खोक्यावर छापा की! यंत्राची किंमत अमुक, आणि ते वापरण्याचे वर्षाचे भाडे तमुक, असे छापायला शाई तर तुमच्याच घरची आहे. यंत्रासोबत कित्येकदा जी पहिली कार्ट्रिजे येतात, ती दुकानातल्या कार्ट्रिजांपेक्षा कमी भरलेली असतात. चार दिवसांत संपतात आणि मग खरा भाव कळतो. एचपी या बड्या कंपनीचे त्या वेळचे प्रमुख एन्रिके लोरेस यांनी जानेवारी 2024 मध्ये एका दूरचित्रवाणी मुलाखतीत हा हिशेब मोकळेपणी सांगितला. गिऱ्हाइकाने प्रिंटर घेतला म्हणजे ती कंपनीची गुंतवणूक. त्याने पुरेसे छापले नाही किंवा कंपनीची शाई वापरली नाही, तर ती गुंतवणूक बुडीत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मी त्यांचा आभारी आहे. आपण गिऱ्हाईक आहोत अशी आजवर आमची समजूत होती. आपण जमीन आहोत आणि पीक न आल्यास मालक नाराज होतो, हे त्यांच्यामुळे कळले.

ही नाराजी नुसती बोलण्यापुरती नसते. याच कंपनीच्या काही प्रिंटरांनी सप्टेंबर 2016 मध्ये दुसऱ्यांनी बनवलेली कार्ट्रिजे एकाएकी नाकारायला सुरुवात केली. कालपर्यंत तीच कार्ट्रिजे बिनतक्रार चालत होती; यंत्र मोडले नव्हते, शाई संपली नव्हती. आतल्या सॉफ्टवेअरची आज्ञा बदलली होती. ओरड झाली तेव्हा कंपनीने आपण हे नीट कळवले नाही याबद्दल दिलगिरी दाखवली आणि अडवणूक काढणारे सॉफ्टवेअर उपलब्ध करून दिले. पुढच्या यंत्रांतून ती रीत मात्र गेली नाही. इटलीच्या स्पर्धा आणि ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने 2020 च्या डिसेंबरात याच कंपनीला एक कोटी युरोंचा दंड केला. कारण कोणती शाई चालणार नाही ही मर्यादा गिऱ्हाइकाला स्पष्टपणे सांगितली नव्हती. लक्षात घ्या, दंड झाला तो अडवण्यापेक्षा लपवण्याबद्दल.

अशी अडवणूक करण्याचे साधन म्हणजे कार्ट्रिजवर बसवलेली नखाएवढी चिप. अस्सल-नक्कल ओळखायला आणि शाईचे मोजमाप करायला ती लागतेच, असे आपल्याला सांगण्यात येते. त्या चिपेचे पितळ उघडे पडले ते एका गमतीदार प्रसंगी. 2022 च्या आरंभी जगभर चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा कॅनन कंपनीला कार्यालयांतल्या काही मोठ्या यंत्रांच्या टोनरसाठी चिपाच मिळेनात. मग कंपनीने चिपेवाचूनच टोनर विकला, आणि जर्मनीतल्या गिऱ्हाइकांना कळवले की पडद्यावर इशारा येईल, तो अमुक बटण दाबून बाजूला सारावा. छपाईला काही बाधा येत नाही. शाईची पातळी तेवढी अचूक दिसणार नाही, इतकेच. तुटवड्याच्या वर्षी ज्या चिपेवाचून अडत नाही, तिच्यावाचून सुबत्तेच्या वर्षी का अडावे?

सुरक्षिततेचा बागुलबोवाही दाखवला जातो. परक्या कार्ट्रिजच्या चिपेतून संगणकात विषाणू शिरेल म्हणे! शिरेलही कदाचित. पण शाईच्या दौतीला मेंदू बसवा असे आम्ही कोणाला सांगायला गेलो होतो?

आता कायद्याकडे येतो, कारण मेख तिथे आहे. अमेरिकेत लेक्समार्क कंपनी आपली काही कार्ट्रिजे सवलतीत विकताना अट घालत असे की ती एकदाच वापरावी आणि रिकामी झाल्यावर आम्हालाच परत करावी. एका छोट्या कंपनीने अशी रिकामी कार्ट्रिजे गोळा करून, पुन्हा भरून विकली. लेक्समार्कने पेटंटभंगाचा दावा लावला. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 30 मे 2017 रोजी निकाल लागला की वस्तू एकदा विकली म्हणजे तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला; विकणाऱ्याने कोणतीही अट घातली असली तरी संपला. आपल्या आजीला विचारले असते तरी तिने हाच निकाल दिला असता. पण त्याच निकालात एक फट राहिली. पेटंटचा हक्क संपला, तरी विकणारा आणि घेणारा यांच्यात काही करार झाला असेल तर तो वेगळा.

आणि घरच्या प्रिंटरचा करार कुठे होतो? दुकानात नव्हे. तिथे पावतीवर यातले काही नसते. तो होतो घरी, खोके फोडल्यावर, कार्ट्रिजांचे वेष्टन काढल्यावर, जिथे 'मान्य आहे' हे बटण दाबल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही तिथे. म्हणून तर ॲपचा एवढा आग्रह! 2021 च्या सुमारास अमेरिकेत व युरोपात एचपीने अशीच एक योजना आणली. जोडणीच्या वेळी तिला होकार दिला की जादा वॉरंटी आणि काही महिन्यांची शाई मिळे. बदल्यात यंत्र सतत इंटरनेटला जोडलेले हवे, कंपनीत खाते हवे, आणि शाई यंत्राच्या आयुष्यभर कंपनीचीच हवी. होकार एकदा दिला की परत घेता येत नसे. लग्नातसुद्धा आता घटस्फोटाची सोय आहे!

कोणी म्हणेल, शाई ती काय, तिच्यावरून एवढा कंठशोष कशाला? मला गणपत कृष्णाजींची आठवण होते. मुंबईच्या या गृहस्थांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम पाहिले, मग स्वतः लाकडी यंत्र तयार केले, शिळाछापाचे दगड मिळवले, शाईचेही प्रयोग स्वतः केले, आणि 1831 साली मराठी पंचांग छापले. त्या यंत्राने त्यांना ही शाई परकी आहे असे कधी सांगितले नाही. ज्याच्या हाती शाई त्याच्या हाती छापखाना, ही गोष्ट छापखान्याइतकीच जुनी आहे. आता छापखाना टेबलावर मावतो एवढाच फरक.

आणि आपल्याकडे ही अडवणूक लोकांनी निमूट सोसली असेही नाही. लॅमिंग्टन रोडवर आणि गावोगावच्या संगणकाच्या दुकानांतून इंजेक्शनच्या सुईने कार्ट्रिजात शाई भरून देणारी पोरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. हात निळे-जांभळे, मुखावर डॉक्टरी गांभीर्य! आशियात कित्येकांनी प्रिंटरला भोके पाडून बाहेरून शाईच्या बाटल्या आणि नळ्या जोडल्या. कंपन्या याला नक्कल म्हणाल्या, दुरुपयोग म्हणाल्या. पण 2010 साली एप्सनने इंडोनेशियात बाटलीतून शाई ओतायच्या टाकीचा प्रिंटर स्वतःच बाजारात आणला, आणि आज तसली यंत्रे इतर कंपन्याही विकतात. ही बुद्धी कोणा तज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत उपजली नाही. ती त्या निळ्या हातांनी दिली.

म्हणून निराश होण्याचे कारण मला दिसत नाही. आपल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित कराराला स्पष्ट जागा दिलेली आहे. घेणाऱ्यावर अवाजवी अटी लादणारा करार आयोगापुढे नेता येतो. पण आयोगापर्यंत जाण्याआधी दुकान लागते. या दिवाळीत ज्यांना प्रिंटर घ्यायचा आहे, त्यांनी विक्रेत्याला एवढेच विचारावे: खाते न उघडता हा चालतो का? इंटरनेट बंद असताना छापतो का? पिवळी शाई संपली तर काळे छापतो का? उत्तर पावतीवर लिहून मागावे. विक्रेता डोके खाजवू लागला तर खोके तिथेच ठेवून शेजारच्या दुकानात जावे.

ज्यांच्या घरी तो येऊन बसला आहे, त्यांनी शे-दोनशे रुपयांची यूएसबी केबल आणावी, संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटर तिथूनच जोडावा, आणि कंपनीच्या ॲपकडे ढुंकूनही पाहू नये. अण्णांचा दाखला शेवटी असाच छापला गेला. बहुतेक यंत्रे केबल लागताच शहाण्यासारखी वागतात. जी वागत नाहीत ती परतीची मुदत संपायच्या आत परत करावी. आणि परतीच्या फॉर्मवर कारणाचा रकाना असतो तिथे, 'नापसंत' असे मोघम न लिहिता, 'खाते मागतो' असे स्पष्ट लिहावे.