अळवावरचे पाणी आणि काचेतले पाणी

रसायनशास्त्राच्या पहिल्याच प्रात्यक्षिकात आम्हांस आज्ञा मिळाली : ब्युरेटमधील पाण्याची खालची कड वाचा. मुळात पाणी असे वळते का, हे ना कोणी विचारले, ना कोणी सांगितले. पुढे जांभळ्या परमँगनेटच्या वेळी उलटी आज्ञा आली, 'आता वरची कड वाचा.' (गडद रंगामुळे खालची दिसत नाही, एवढेच कारण!) निम्म्या वर्गाचा गोंधळ उडाला. माझेही गुण गेले.

माझे स्पष्ट मत असे की निदान आमच्या जोयडा तालुक्यात तरी हा धडा अळूच्या पानापासून सुरू व्हावा. कंदमुळांच्या या मुलखात अळू नाही असे परसू विरळाच. कन्नड विभागातील आमचे मित्र त्याला 'केसू' म्हणतात. पावसात त्या पानावर पाण्याचा मोती होतो, पान कलले की घरंगळतो, आणि पान कोरडेच! पानावर मेणाचा अतिसूक्ष्म, खडबडीत थर असतो. पाण्याच्या रेणूंना त्या मेणापेक्षा एकमेकांचीच ओढ अधिक, म्हणून ते गोळा होऊन बसतात. बार्थलॉट व नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ साली कमळाबरोबर अळूच्या पानाचाही हा गुण अभ्यासला. आमच्या आज्या 'अळवावरचे पाणी' त्याआधीपासूनच म्हणत आल्या आहेत.

काचेचे नेमके उलट. स्वच्छ काचेची ओढ इतकी की पाणी कडेने तीन-चार मिलिमीटर भिंतीवर चढते. पृष्ठताणामुळे शेजारचे पाणीही त्याच्यामागून ओढले जाते, वजन त्याला खाली खेचते, आणि या ओढाताणीत मध्ये खोलगट वळण राहते. १ मिलिमीटर व्यासाच्या नळीत तर पाणी सुमारे ३ सेंटिमीटर वर जाते. पारा मात्र काचेतही अळवावरच्या पाण्यासारखा फुगून बसतो.

'पोर्शन संपवायचा असतो, असले लाड कुठे करायचे?' असे कोणी म्हणेल. पण पेल्याला आतून मेणबत्तीचे मेण फासून पाणी ओतायला पाच मिनिटे पुरतात. पेला तोच, पाणी तेच, आणि कड खाली वळलेली! हे एकदा पाहिलेल्या मुलाला कोणती कड वाचायची ते घोकावे लागणार नाही.

पुस्तकात या वळणाला 'मेनिस्कस' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चंद्रकोर. मला तो पदवीच्या शेवटच्या वर्षी कळला. परवा शेजारच्या चौथीतल्या मुलीच्या डोळ्यांसमोर पेला धरला नि विचारले, "कडेला काय दिसते गं?" ती म्हणाली, "दादा, पाणी पेल्याला धरून वर चढतंय."