कंप कशाचा?

संगीतावरील इंग्रजी पुस्तकांत ‘व्हायब्राटो’ व ‘ट्रेमोलो’ असे दोन इटालियन शब्द पानोपानीं भेटतात. दोहोंचाही मूळ अर्थ थरथरणें, कांपणें असाच आहे. परंतु कांपतें काय, असा प्रश्न केला कीं दोघांच्या वाटा फुटतात. नादाची उंची किंचित् वर व किंचित् खालीं अशी हेलकावत राहिली तर तो व्हायब्राटो. उंची जागची न हलतां नादाचा लहानमोठेपणा तेवढा बदलत राहिला तर तो ट्रेमोलो. ज्यांच्या पेटीवर ट्रेमोलोची खुंटी असेल त्यांनीं ती ओढून पाहावी. आंतील झडप वाऱ्यानें फडफडूं लागते, आवाज उठतो व बसतो. षड्ज मात्र षड्जच राहतो. (व्हायोलिनवाले गज झपाझप ओढतात त्यालाही ट्रेमोलो म्हणतात, तो प्रकार आज बाजूस ठेवूं.)

आपल्याकडे हा विचार नवा नाहीं. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकरां’त गमकाचे पंधरा प्रकार सांगितले, आणि त्यांपैकीं तिरिप, स्फुरित, कंपित, आंदोलित इत्यादिकांचा भेद कंपाच्या वेगावरून ठरविला. ज्यानें कंपाचा वेग इतक्या बारकाईनें मोजला, त्याला विजेच्या गिटारीच्या जुन्या ध्वनिवर्धकांवरील अक्षरें वाचून मौज वाटली असती. तेथें कंप आहे, वेग कमीजास्त करण्याची खुंटीही आहे. नांव तेवढें दुसऱ्याचें लावलेलें आहे.

ही उलटापालट ज्याच्या हातून झाली तो गृहस्थ लहानसहान नव्हे. कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं रेडिओदुरुस्तीचें दुकान चालवितां चालवितां गिटारी व ध्वनिवर्धक यांचा मोठा कारखाना उभारणारा लिओ फेंडर तो हा. १९५४ सालीं त्यानें ‘स्ट्रॅटोकास्टर’ नांवाची गिटार बाजारांत आणली. तिच्या घोडीस एक दांडी जोडलेली होती. ती दाबली कीं सर्व तारा एकदम सैल होऊन सूर उतरे, सोडली कीं पुन्हां जागेवर येई. हा उघड उघड व्हायब्राटो; पण फेंडरनें पेटंटाच्या कागदांतही त्यास ट्रेमोलोच म्हटलें. पुढच्याच वर्षीं, १९५५ त, कंपाची योजना आंतच बसविलेला त्याचा पहिला ध्वनिवर्धक निघाला. त्याचें नांव ‘ट्रेमोलक्स’. त्यांत आवाजाचा लहानमोठेपणाच बदलत असे, म्हणून हें बारसें मात्र बिनचूक. १९५६ मध्यें ‘व्हायब्रोलक्स’ आला; कंप त्याच जातीचा, नांव दुसरें. पुढें १९६० नंतरच्या यंत्रांवर तर ‘व्हायब्राटो’ हाच शब्द छापला गेला. दांडीला ट्रेमोलो व पेटीला व्हायब्राटो ही अदलाबदल तेव्हांपासून गिटारवाल्यांत जगभर रूढ आहे.

रूढि ही व्युत्पत्तीहून बलवत्तर, हें आम्ही पाठशाळेंत शिकलों व पुढें शिकविलेंही. मंड म्हणजे भाताची पेज, तेव्हां ‘मंडप’ याचा धात्वर्थ पेज पिणारा. पण लग्नाच्या मंडपांत उभे राहून तो अर्थ कोणी काढीत नाहीं. तसें हेंही सोडून देतां आलें असतें. परंतु मंडपाशेजारीं खरोखरीचा पेज पिणारा कोणी हक्क सांगत उभा नसतो. येथें मात्र खरा व्हायब्राटो देणारीं यंत्रें त्याच काळीं तयार होत होतीं, आणि त्यांचें नांव दुसऱ्यानें नेलें. शिवाय मुलांचें काय? आमचा नातू पाटी वाचून ‘व्हायब्राटो’ म्हणतो. त्याचा कान त्याला निराळेंच सांगत असतो. पण छापील अक्षरापुढें तो कानाचें ऐकत नाहीं. माझी तक्रार आहे ती एवढ्यासाठीं.

या पेट्यांच्या पोटांत काय चालतें तें पाहण्याजोगें आहे. आरंभीचा उपाय तर खेळण्यांतला वाटावा असा होता. १९४० नंतरच्या दशकांत डीआर्मंड कंपनीची एक स्वतंत्र डबी मिळूं लागली. तिच्यांत एक छोटी मोटर विद्युद्वाहक द्रवाची कुपी सतत हालवी. द्रव हिंदकळून आंतील टोंकास लागला कीं गिटारीचा थोडा प्रवाह वाटेंतच गळून जाई व आवाज दबे. बो डिडलीच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकांवरचा (१९५५) तो धपधपणारा आवाज या कुपीचा.

ध्वनिवर्धकाच्या आंत मोटर व कुपी यांची जागा एका व्हॉल्व्हनें घेतली. व्हॉल्व्हमधून बाहेर पडणारा प्रवाह कंडेन्सर व रेझिस्टन्स यांच्या साखळींतून फिरवून पुन्हां त्याच्याच तोंडाशीं आणून सोडला कीं तो आपोआप झोके घेऊं लागतो, सेकंदास सुमारें तीन ते दहा. इतका मंद झोका कानास स्वर म्हणून ऐकूं येत नाहीं. परंतु तो शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हांना पोंचविला म्हणजे ते त्याच्याबरोबर सबळ व निर्बळ होत राहतात. कोणी अदृश्य मनुष्य आवाजाची खुंटी पुढेंमागें फिरवीत बसला आहे असें वाटतें. बाहेर दोन खुंट्या असतात. एकीनें झोक्याचा वेग बदलतो, दुसरीनें त्याची खोली.

१९६३ च्या सुमारास फेंडरच्या कारखान्यानें दुसरी युक्ति काढली. झोका एका इवल्याशा निऑनच्या दिव्यास दिला. प्रकाश पडला कीं ज्याचा विरोध घटतो असा कॅडमियम सल्फाइडचा तुकडा त्या दिव्यासमोर ठेवला. आणि दोघांना एका काळ्या वेष्टनांत गुंडाळून टाकलें. दिवा लागला कीं आवाज गळतो, विझला कीं परत येतो. अमेरिकन कारागीर या नळकांडीला झुरळ म्हणतात, आणि तें दिसतेंही तसेंच. व्हॉल्व्हांचा कंप पाळण्यासारखा गोल, दिव्याचा विळीवर चिरल्यासारखा. मला विचाराल तर पाळणा बरा.

दिव्याच्या जातीचें एक प्रसिद्ध यंत्र म्हणजे ‘ट्विन रिव्हर्ब’. इंग्लंडांतील ‘द स्मिथ्स’ या वाद्यवृंदानें १९८४ सालीं ‘हाउ सून इज नाऊ’ हें गाणें मुद्रित करतांना अशीं चार यंत्रें मांडलीं. प्रत्येकाचा झोका स्वतंत्र. चार तबलजी बसले आहेत, आणि समेचा पत्ता नाहीं! गिटारवादक जॉनी मार व निर्माता जॉन पोर्टर यांनीं एकेक बाजू वांटून घेतली व हातानें खुंट्या फिरवीत चारही झोके गाण्याच्या लयीशीं जुळविले. लय सुटली कीं थांबायचें, आणि पुन्हां आरंभ. दहा-दहा सेकंदांचे तुकडे करीत तें काम पुरें झालें.

आतां ज्याचें नांव गेलें तो धाकला भाऊ. लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवुड येथील ‘मॅग्नाटोन’ यंत्रांत १९५७ च्या सुमारास डॉन बॉनम या इंजिनिअरची योजना आली. तिचें पेटंट १९६१ चें. विजेचा दाब बदलला कीं ज्यांचा विरोध बदलतो असे व्हॅरिस्टर नांवाचे तुकडे त्यांत असत. त्यांच्यामुळें नाद क्षणभर किंचित् आधीं व क्षणभर किंचित् उशिरा बाहेर पडे. आगगाडी जवळ येतांना शिट्टी चढी व दूर जातांना उतरती ऐकूं येते, त्यांतलाच हा प्रकार. सूर खरोखरीच हले. बडी हॉलीजवळ हें यंत्र होतें, आणि लॉनी मॅक यानें १९६३ मध्यें ‘मेम्फिस’ व ‘व्हॅम’ या वादनांत त्याचा पाण्यासारखा झुलणारा आवाज गाजविला. इंग्लंडांत डिक डेन्नी याच्या ‘व्हॉक्स’ यंत्रांवर तर व्हायब्राटो व ट्रेमोलो दोन्ही असत, आणि दोन्ही नांवें आपापल्या जागीं. बरोबर पाटी लिहिणारा एक तरी निघाला!

मग खरी वस्तु मागें कां पडली? खर्च हें एक कारण. फेंडरनें स्वतः १९६० ते १९६३ च्या तपकिरी यंत्रांत नादाचे तार व मंद्र असे दोन भाग करून एक चढे तेव्हां दुसरा उतरे अशी व्यवस्था केली होती. सूर हलल्याचा चांगला भास होई. पण तिला व्हॉल्व्ह अधिक लागत, आणि पुढें दिव्यानें तिची जागा घेतली. दुसरें कारण संगीतांतलें. एकटा स्वर हलला तर गोड लागतो. पाश्चात्य पद्धतीनें चार-पांच स्वर एकदम छेडून तो अख्खा झुपका हलविला तर शेजारच्या पियानोशीं तो बेसूर भासूं शकतो. लहानमोठेपणाचा कंप कोणाच्याच सुराशीं भांडत नाहीं. म्हणून ट्रेमोलो खपला, आणि शब्द मात्र व्हायब्राटो हा अधिक भारदस्त वाटला असावा, असा माझा तर्क आहे. मॅग्नाटोनचा मूळ कारखाना पुढें बंद पडला. २०१३ पासून त्या नांवाचे ध्वनिवर्धक पुन्हां निघूं लागले.

ज्यांच्या घरीं असें जुनें अथवा जुन्या धर्तीचें यंत्र येऊं घातलें असेल त्यांनीं पाटी वाचून पैसे देऊं नयेत. तंबोरा लावावा, गिटारीची एक तार षड्जास मिळवावी आणि कंपाची खुंटी पुरी फिरवावी. तार तंबोऱ्यास चिकटून राहून नुसती धडधडली तर तो ट्रेमोलो. सुटून पुन्हां मिळूं लागली तर व्हायब्राटो. अमेरिकेंतून आणलेलें जुनें यंत्र बहुधा तिकडील ११० ते १२० व्होल्टांचें असतें. आपल्या २३० व्होल्टांवर तें सरळ लावलें तर जळेल, मध्यें ट्रान्स्फॉर्मर हवाच. वीज काढल्यावरही कंडेन्सरमध्यें शेंकडों व्होल्टांचा सांठा राहूं शकतो, म्हणून मागची फळी मुलांना उघडूं देऊं नये. आणि फेंडरच्या दिव्याच्या यंत्रांत पायानें दाबण्याची कळ मागें खोंचल्यावांचून कंप मुळींच सुरू होत नाहीं. यंत्र बिघडलें असें समजून तें कारागिराकडे नेण्यापूर्वीं ती कळ घरांत कोठें पडली आहे तें शोधावें.