वस्ती आली, शाळा केव्हा येणार?

पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ गावे आणि २०२१ साली आणखी २३ गावे समाविष्ट झाली. वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे ही नावे एके काळी ज्वारीच्या आणि उसाच्या शेतांशी निगडित होती. आज ती गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत झळकतात. या जाहिरातींत पोहण्याचा तलाव असतो, व्यायामशाळा असते, मंदिरही असते. नसते ती सार्वजनिक शाळा. वस्ती वाढली की शाळा हवी, हे मान्य करायला कोणाचीच हरकत नसते. पण ती कोणी, कोणत्या जमिनीवर आणि कोणाच्या पैशाने बांधायची, हा प्रश्न आला की सारे मौन पाळतात.

या मौनाची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. सदनिका विकत घेणारा मध्यमवर्गीय खासगी शाळेची भरमसाट फी कुरकुरत का होईना भरतो. पण त्या सदनिकेच्या भिंती रचणारा गवंडी, दारावरचा रखवालदार, घरोघरी धुणेभांडी करणारी स्त्री, हेही त्याच वस्तीचे रहिवासी आहेत. त्यांच्या मुलांसाठी उरते ती जुन्या गावठाणातली, शेदोनशे उंबऱ्यांच्या गावासाठी बांधलेली शाळा. वस्ती दहापट झाली, वर्गखोल्या तेवढ्याच राहिल्या. मग रहदारीचा रस्ता ओलांडून जायचे की घरी राहून धाकट्या भावंडाला सांभाळायचे, याचा निर्णय सहा-सात वर्षांच्या मुलीच्या वतीने परिस्थितीच करून टाकते.

वास्तविक हा प्रश्न कायद्याने केव्हाच सोडवला आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या सहाव्या कलमानुसार, जेथे शेजारशाळा नाही तेथे ती तीन वर्षांच्या आत स्थापन करण्याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक संस्थेवर आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर हे अंतरही ठरवून दिले आहे. ही तीन वर्षांची मुदत २०१३ साली संपली. पण वस्ती मुदत पाहून थांबत नाही. ती दरवर्षी नवी होते आणि म्हणून हे कर्तव्यही दरवर्षी नव्याने पार पाडावे लागते, याचा शासनाला सोयीस्कर विसर पडला आहे.

शाळा का उभी राहत नाही? पहिली अडचण जमिनीची सांगितली जाते. विकास आराखड्यात शाळांसाठी भूखंड आरक्षित केलेले असतात. परंतु आराखड्यावर रंग भरल्याने भूखंड ताब्यात येत नाही. नगररचना कायद्याच्या १२७ व्या कलमाप्रमाणे दहा वर्षांत संपादन झाले नाही तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या ठराविक मुदतीतही हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होते. म्हणजे नुसते हात बांधून बसणे हाही शाळेचा भूखंड घालवण्याचा एक कायदेशीर मार्ग आहे. समाविष्ट गावांत तर कारभाराचीच फाळणी झाली. २०२१ साली २३ गावे महापालिकेत आली, पण त्यांच्या नियोजनाचा अधिकार महानगर विकास प्राधिकरणाकडे देण्यात आला; आणि गावातली जुनी शाळा होती जिल्हा परिषदेची. आराखडा एकाचा, कर दुसऱ्याचा, शिक्षक तिसऱ्याचा! अशा व्यवस्थेत जबाबदार कोण, हे शोधण्यातच मुलाचे प्राथमिक शिक्षणाचे वय निघून जाते.

दुसरी अडचण शिक्षकांची. शिक्षकांची पदे संचमान्यतेत पटसंख्येवर ठरतात. चालू शाळेसाठी या पद्धतीला काही अर्थ आहे. नव्या शाळेसाठी मात्र ती गळफास ठरते. पट नाही म्हणून शिक्षक नाही, शिक्षक नाही म्हणून पालक येत नाहीत, पालक येत नाहीत म्हणून पट नाही. उघडलेल्या शाळेला पहिली चार-पाच वर्षे पटाची अट न लावता प्रत्येक इयत्तेस कायम शिक्षक दिल्याखेरीज हे दुष्टचक्र तुटणार नाही.

या रिकाम्या जागेत खासगी शाळा शिरते. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याने तिची वाट प्रशस्त करून दिली. ती आली की अधिकारी सांगू लागतात : लोकांना सरकारी शाळा नकोच आहे, मागणीच नाही. अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातही मागणी म्हणजे केवळ इच्छा नव्हे, हे शिकवले जाते; आणि जी वस्तू बाजारात आणलीच नाही तिला मागणी नाही, हे सिद्ध तरी कसे करणार? मुंबई महापालिकेने २०२१ साली केंद्रीय मंडळाशी संलग्न शाळा उघडल्या तेव्हा जागांपेक्षा अर्ज अधिक आले आणि प्रवेशासाठी सोडत काढावी लागली. अशा मोजक्या शाळांनी प्रश्न सुटत नाही. सोडतीत हरलेल्या मुलाने कोठे जावे, हा प्रश्न उरतोच. पण चांगली सार्वजनिक शाळा दारात आली तर पालक पाठ फिरवतात, हा समज त्यातून खोटा ठरला.

खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागा हा या प्रश्नाला पर्याय आहे, असेही मानले जाते. पण २५ टक्के जागा कितीही प्रामाणिकपणे भरल्या तरी उरलेल्या गरीब मुलांचे काय? शिवाय ही सवलत किती तकलादू आहे हे २०२४ साली दिसलेच. सरकारी किंवा अनुदानित शाळा १ किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या जबाबदारीतून मोकळे करणारी अधिसूचना राज्य शासनाने फेब्रुवारीत काढली. जुलैत उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली म्हणून बरे. जवळच्या सरकारी शाळेची आठवण शासनाला झाली ती ती सुधारण्यासाठी नव्हे, खासगी शाळेला सूट देण्यासाठी.

शेवटचा बचाव पैशाचा. नागरिक मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण कर भरतात. १९६२ च्या कायद्याने बसवलेला हा कर पालिका गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. बांधकाम परवान्याबरोबर विकास शुल्क घेतले जाते, ते वेगळेच. रस्ता आणि पाणी सार्वजनिक पैशाने येते, त्यामुळे जमिनीची किंमत चढते आणि ती वाढ मात्र मालकाच्या व बिल्डरच्या खिशात जाते. जी श्रीमंती समाजाने निर्माण केली तिच्यातून समाजाची शाळा बांधणे हा दानधर्म नव्हे, ती रास्त वसुली होय.

‘लोकांची मागणी नाही’ हे उत्तरही नवे नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा ब्रिटिश सरकारने हेच सांगितले, खर्चाचा बागुलबुवा दाखवला आणि १९१२ साली ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक फेटाळले. पाचच वर्षांनी कोल्हापूरसारख्या लहान संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. फरक पैशाचा नव्हता, इच्छेचा होता.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. शाळेचा भूखंड ताब्यात आल्याशिवाय मोठ्या गृहप्रकल्पाला भोगवटापत्र देऊ नये. शिक्षण कराची रक्कम ज्या वस्तीतून आली तेथील शाळांवर प्रथम खर्च व्हावी. गाव शहरात येताच त्याची शाळा आणि शिक्षक यांची जबाबदारी ठरलेल्या तारखेला एकाच संस्थेकडे जावी. प्रभागसभांतून आणि निवडणुकांतून हे प्रश्न लावून धरणे हे समाजवादी कार्यकर्त्यांचे काम आहे. गटाराच्या आणि रस्त्याच्या कामावर नगरसेवकाला धारेवर धरणारा मतदार शाळेच्या भूखंडाचा हिशेब मागू लागेल, त्या दिवशी शाळेची पहिली वीट बसेल.