देवनहळ्ळीचा धडा : गावाला सुविधा हव्यात, विस्थापन नव्हे

बंगळूरच्या उत्तरेस देवनहळ्ळी तालुक्यात चन्नरायपट्टण हे महसुली मंडळ आहे. नाचणी, द्राक्षे, भाजीपाला, फुले, तुती आणि दूध यांवर येथील गावांचा संसार चालतो. यांपैकी तेरा गावांची १,७७७ एकर जमीन विमान-उद्योगाच्या वसाहतीसाठी संपादन करण्याचा घाट कर्नाटकात भाजपचे सरकार असताना घातला गेला. ४ एप्रिल २०२२ पासून शेतकरी धरणे धरून बसले. विरोधी पक्षनेते असताना सिद्धरामय्या यांनी धरणेस्थळी येऊन पाठिंबा दिला. परंतु मे २०२३ मध्ये सत्ता मिळाल्यावर त्यांच्या काँग्रेस सरकारनेही तोच घाट पुढे रेटला. २५ जून २०२५ रोजी 'देवनहळ्ळी चलो'च्या हाकेनुसार जमलेल्या आंदोलकांना पोलिसांनी ताब्यात घेतले. अखेर १५ जुलै २०२५ रोजी, लढ्याच्या १,१९८व्या दिवशी, संपादन सोडून दिल्याची घोषणा मुख्यमंत्र्यांना करावी लागली.

या काळात भांडवलदारांच्या कैवाऱ्यांनी एकच युक्तिवाद पुढे केला : गावात पाणी नाही, दवाखाना नाही, रोजगार नाही, जमीन द्या, म्हणजे विकास येईल. यातील पहिला भाग खरा आहे. हजार फूट खोल जाऊनही कोरडी निघणारी कूपनलिका हे या जिल्ह्याचे जुने दुखणे आहे. परंतु पाणी आणि दवाखाना हा नागरिकांचा हक्क आहे. जमिनीच्या मोबदल्यात मिळणारे ते बक्षीस नव्हे.

शिवाय जमीन गेल्यावर सुविधा येतात, हेही वास्तवास धरून नाही. २००७ साली बृहत् बंगळूर महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा ११० खेडी शहरात विलीन करण्यात आली. त्यांच्या शेतांवर इमारती चढल्या, जमिनीचे व्यापारी गब्बर झाले. कावेरीचे पाणी मात्र या खेड्यांसाठी आखलेल्या पाचव्या टप्प्याच्या उद्‌घाटनापर्यंत, म्हणजे १६ ऑक्टोबर २०२४ पर्यंत, वाट पाहत राहिले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तेथील कष्टकरी टँकरच्या मागे धावत होते. शहराच्या हद्दीत येऊन सतरा वर्षे तहानलेले राहावे लागत असेल, तर विकासाच्या आश्वासनाची किंमत काय?

उलट बाजूने पाहता, शेजारच्या खेड्यांच्या तळ्यांत हेब्बाळ-नागवार खोऱ्याच्या योजनेद्वारे शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडले जाते. ही प्रक्रिया दोन टप्प्यांची आहे. तिसऱ्या टप्प्याची शेतकऱ्यांची मागणी रास्त आहे. शंभर किलोमीटरवरून कावेरी उपसून शहराला द्यायची आणि खेड्याला त्याचे सांडपाणी, हीच भांडवलशाहीतील शहर व खेडे यांच्या संबंधाची खरी ओळख होय.

महाराष्ट्रातील वाचकांना हे नवे नाही. जानेवारी १९८४ मध्ये नवी मुंबईच्या प्रकल्पग्रस्तांच्या लढ्यात जासई परिसरात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कोठे विकसित जमिनीच्या साडेबारा टक्के हिश्शाचे तत्त्व पदरात पडले.

तथापि देवनहळ्ळीचा विजय अपुरा आहे. स्वखुशीने जमीन देणाऱ्यांसाठी सरकारने दार उघडे ठेवले आहे. २०२० साली कर्नाटकाच्या जमीन सुधारणा कायद्यात बदल करून बिगरशेतकऱ्यांना शेतजमीन खरेदीची मुभा देण्यात आली. १९७४ च्या सुधारणांनी कुळांच्या हाती दिलेली जमीन अशा रीतीने पुन्हा बाजारात ओढली जात आहे. पाणी, कर्ज आणि भाव यांवाचून नाडलेला शेतकरी 'स्वखुशीने' विकतो, तेव्हा ती खुशी नव्हे, नाइलाज असतो.

आणि ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्याचे काय? २०१३ च्या केंद्रीय कायद्याने शेतमजुरालाही बाधित कुटुंब मानले आहे. १९६६ च्या कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास कायद्याखाली मात्र सामाजिक परिणामांचा अभ्यास न करताच संपादन होत आले. भूमिहीन दलित मजूर लढ्याच्या केंद्रस्थानी आल्यावाचून शेतकऱ्यांची एकजूट टिकणार नाही.

म्हणूनच मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत : २०२० चा बदल रद्द करा, सर्व संपादनांना २०१३ च्या कायद्याच्या अटी लावा, तळ्यांत सोडण्याच्या पाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करा, प्रत्येक गावाला नळाचे पाणी, दवाखाना आणि वर्षभर रोजगार द्या. तेरा गावांनी जमीन राखली. त्या जमिनीवर माणसासारखे जगण्याचा लढा अजून बाकी आहे.