योगवाही पिप्पली आणि केमोथेरपीचे दिवस

पिप्पली योगवाही आहे हे चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे, आणि अतिमात्रेत वापरू नयेत अशी जी तीन द्रव्ये तेथे दिली आहेत त्यांतही पिप्पली आहेच. पहिल्या विधानाचे आपण वारंवार स्मरण करतो, दुसऱ्याचे क्वचित. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी कर्क्युमिनसोबत पिपरीन दिल्यास मनुष्यात त्याची जैवउपलब्धता २००० टक्क्यांनी वाढते असे दाखविले. २००९ मध्ये पिपरीनयुक्त रिफाम्पिसिन भारतात आले, त्यात रिफाम्पिसिनची मात्रा ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम पुरते. परिषदांतून हे दाखले आपण अभिमानाने देतो. मग केमोथेरपीच्या औषधापाशी येताच हा गुण लोप पावतो, असे मानण्यास आधार काय?

पिपरीन हे सायटोक्रोम ३ए४ या विकराचे कार्य मंदावते. डॉसिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टिन, तसेच पोटात घ्यावयाचे इमॅटिनिब यांचा निचरा मुख्यतः याच विकराकडून होतो. या औषधांत उपकारक व अपायकारक मात्रांतील अंतर फार थोडे असते. निचरा रोखला गेल्यास श्वेतकण घटणे, मुखपाक, नाडीविकार हे उपद्रव बळावू शकतात. आमटीतील मिऱ्यांची ही चर्चा नव्हे. ग्रॅमच्या मात्रेत रोज दिल्या जाणाऱ्या त्रिकटूची आहे.

आम्हांस अधिक चिंता वाटते ती कांचनार गुग्गुळाची. अर्बुद म्हटले की हात सवयीने त्याच्याकडे जातो. त्यात त्रिकटू आहे आणि गुग्गुळही. गुग्गुळाने डिल्टियाझेम व प्रोप्रानोलॉल यांची रक्तातील पातळी घटल्याचे निरोगी व्यक्तींमध्ये आढळले आहे. म्हणजे एकाच वटीत वाढविणारे व घटविणारे असे दोन्ही घटक! निव्वळ परिणाम कोणत्या दिशेला जाईल हे कोणी सांगावे? केमोथेरपी चालू असताना हा कल्प देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रत्येक औषधाबाबत मानवी चाचण्या झालेल्या नाहीत हा आक्षेप खरा आहे. परंतु पुराव्याचा अभाव हा देण्याचा परवाना होऊ शकत नाही.

सिस्प्लॅटिन घेणाऱ्यास मूत्रावाटे पोटॅशियम व मॅग्नेशियम गमावण्याचा धोका असतो. मुखपाकासाठी त्यास यष्टिमधु दीर्घकाळ पोटात दिल्यास पोटॅशियम आणखी उतरू शकते.

औषधालयाच्या मालकांसही एक विनंती. खोकल्यासाठी सितोपलादी मागावयास आलेल्या घरच्या माणसास 'रुग्णाला केमो चालू आहे काय?' एवढे विचारावे. सितोपलादीतही पिप्पली आहे. आणि ज्वर १००.४ फॅरनहाइटपर्यंत गेला असेल तर त्रिभुवनकीर्ती न देता त्यास तत्काळ रुग्णालयात धाडावे. श्वेतकण घटलेल्या रुग्णाचा ज्वर काही तासांत प्राणघातक ठरू शकतो.

रुग्ण आपली औषधे कर्करोगतज्ज्ञांपासून लपवितो, कारण तेथे बोलणी खावी लागतात. म्हणून आपणच चिठ्ठी द्यावी: कल्पाचे नाव, त्यातील घटकद्रव्ये, मात्रा, आरंभाचा दिनांक. नुसते 'आयुर्वेदिक औषध' लिहून त्या तज्ज्ञास काहीच कळत नाही.