दुरुस्तीचा अधिकार

या स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांकडून लेखन मागवले, तेव्हा नववीतील एका विद्यार्थ्याने ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या आईवरचा निबंध शाळेच्या संगणकावर स्वतः टंकित करून आमच्या हाती दिला. निबंध मनापासून लिहिलेला होता. मात्र आईच्या कोयत्याने घट्टे पडलेल्या हातांचे वर्णन अगदी शेवटी आले होते. ते आरंभी यावे, असे आम्ही सुचवले. त्याचा चेहरा उतरला. “म्हणजे समदं पुन्हा टाइप करावं लागंल का, सर?” त्याने विचारले.

कंट्रोल, शिफ्ट आणि बाणाची कळ एकत्र दाबून आम्ही तो परिच्छेद निवडला, कंट्रोल व एक्सने उचलला, कंट्रोल व होमने मजकुराच्या आरंभी गेलो आणि कंट्रोल व व्हीने तेथे ठेवला. काही क्षणांचे काम. त्यानंतर त्या मुलाने आम्ही न सांगताच आणखी तीन ठिकाणी बदल केले. हा लेख त्या तीन बदलांमुळे लिहिला आहे.

संगणकाच्या या शॉर्टकट कळा म्हणजे वेळ वाचवण्याची युक्ती, एवढेच आपण समजतो. आमचे मत वेगळे आहे. या कळा दुरुस्तीचे भय घालवतात, आणि ज्याला दुरुस्तीचे भय नाही तोच मोकळेपणाने लिहू शकतो.

हे भय आपल्या मुलांना वहीतून मिळते. वहीत खाडाखोड केली की गुण जातात. लाल शाई दिसली की मान खाली जाते. टंकलेखन यंत्रावर शिकलेल्या आमच्या पिढीलाही ते ठाऊक आहे. एक वाक्य बदलायचे म्हटले, तरी अख्खे पान पुन्हा लावावे लागे. बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांत त्यांची हस्तलिखिते टंकित करणारे नानकचंद रत्तू दिवसभर सरकारी नोकरी करून संध्याकाळी हे काम करीत. त्या पानांमागचे श्रम आज कल्पनेनेच जाणावे लागतात. तरीही बाबासाहेबांनी दुरुस्तीला कधी कमीपणा मानले नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनीच सांगितले, की मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. देशाचे संविधान इतक्या दुरुस्त्यांना सामोरे जाऊन तयार होते, तर आपल्या मुलाच्या निबंधाने दोन-चार दुरुस्त्यांना का भ्यावे?

या सोयीचा जन्मही दुरुस्तीच्या गरजेतूनच झाला. १९७०च्या दशकात अमेरिकेतील झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ हा लेखनाचा प्रोग्रॅम तयार केला. तो होता शालेय पुस्तके काढणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेच्या संपादकांसाठी. कात्रीने मजकूर कापायचा आणि डिंकाने दुसरीकडे चिकटवायचा, ही संपादकांची जुनी रीत पडद्यावर आली. म्हणून ‘कट’ आणि ‘पेस्ट’ हे शब्द.

मराठी लिहिणाऱ्याला आणखी काही गोष्टी सांगाव्या लागतात. इन्स्क्रिप्ट कळफलकावर सीची कळ ‘म’ उमटवते आणि व्हीची कळ ‘न’. पण कंट्रोल दाबून ठेवला की त्याच कळा नक्कल करणे आणि चिकटवणे ही कामे करतात. त्यासाठी इंग्रजीकडे वळावे लागत नाही. ‘की’ लिहून बॅकस्पेस दाबले, तर बहुतेक प्रोग्रॅममध्ये केवळ वेलांटी जाते. अक्षराच्या आधी थांबून डिलीट दाबले, तर अख्खे अक्षर जाते. हे ठाऊक नसलेली मुले एका वेलांटीसाठी पूर्ण शब्द पुन्हा लिहिताना आम्ही पाहिली आहेत. याच स्मरणिकेच्या मजकुरात आपल्या गावाचे नाव कोठे ‘मुरुड’ तर कोठे ‘मुरूड’ असे आले होते. वर्डमध्ये कंट्रोल व एच दाबून ते एका फटक्यात सर्वत्र एकसारखे केले.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. याच कळांनी मुलांना इंटरनेटवरचा प्रकल्प जसाच्या तसा उचलायला शिकवले, असे पालक म्हणतात. त्याचे कारण आमच्या मते शिकवण्याच्या क्रमात आहे. संगणकाच्या तासाला पहिला धडा बहुधा सी आणि व्हीचा असतो. पहिला धडा झेडचा असावा. कंट्रोल व झेडने केलेली चूक मागे घेता येते, हे कळले की हात धीट होतो. दुसरा धडा एक्सचा, म्हणजे स्वतःच्या मजकुरातील नको ते काढण्याचा आणि हवे ते योग्य जागी नेण्याचा. नक्कल सर्वांत शेवटी.

लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचे प्रमाणपत्र लागते. आपली मुले त्यासाठी घाम गाळतात, आणि त्यांनी तो गाळावाच. त्या प्रमाणपत्रावर अनेक घरे उभी राहिली आहेत. मात्र तो वेग मुख्यतः दुसऱ्याने दिलेला मजकूर उतरवण्याचा आहे. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्याविषयी इतरांनी लिहिले, त्यांच्या मुलांनी केवळ वेगवान नक्कलकार होऊन थांबू नये.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. आठवड्यातून एक तास माउस बाजूला ठेवून केवळ कळफलकावर काम व्हावे. त्या तासाला प्रत्येकाने स्वतःचाच जुना निबंध उघडावा आणि सुधारावा. दहा शॉर्टकट कळांचा मराठी तक्ता संगणक कक्षाच्या भिंतीवर लागावा. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण आज कार्यालयांत, न्यायालयांत, बँकांत दिवसभर कळफलकावर काम करतात. त्यांनी सुट्टीत गावी आल्यावर एक दुपार मुलांना द्यावी. पालकांनीही मुलाच्या मजकुरात बदल दिसला, तर ‘पहिल्यांदा चुकलं होतं का?’ असे विचारू नये. ‘आता काय बरं झालं?’ असे विचारावे.

त्या विद्यार्थ्याचा निबंध याच अंकात आहे. तो आईच्या हातांपासून सुरू होतो.